फुलाआत्याची नोटीस

रजिस्टर पोस्टाचं पाकीट आलं तेव्हा फुलाआत्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. किसनरावांनी पोस्टमनच्या कागदावर सही केली, पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून त्यांची छाती थोडी फुगलीच. अ‍ॅडव्होकेट अर्पिता, बुलढाणा. पोरगी वकील होऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि आता तिच्या नावाचा शिक्का देऊळघाटच्या पोस्टातून थेट बापाच्या हातात येत होता.

"पुष्पा, पाय वं, पोरीनं पोस्टानं पत्र धाडलं!"

पुष्पाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "रोज तं फोन करते. पत्र काऊन?"

"वकील लोकायची पद्धत असते ते," असं म्हणून किसनरावांनी पाकीट फाडलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. मोठ्यानं वाचायला नको होतं, हे त्यांना दुसऱ्या ओळीला समजलं. ‘माझ्या अशील श्रीमती पंचफुलाबाई, राहणार देऊळघाट, यांच्या सांगण्यावरून तुम्हांस, म्हणजे किसनराव मोतीराम यांस, कळविण्यात येते की, तुम्ही माझ्या अशिलास त्यांच्या संमतीशिवाय व कोणताही कायदेशीर अधिकार नसताना शेडनेटमध्ये कोंडून ठेवले...’

अशील तीन हातांवर बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्या, हे काय आहे?"

"मले काय इचारतं? माह्या वकिलाले इचार."

घडलं होतं ते असं. किसनरावांचा मुलगा ऋत्विक तिशी ओलांडून गेला होता आणि त्याचं लग्न काही जमत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, रंगानं उजळ, घरी बागायती, सगळं ठीक. पण ‘शेती करतो’ म्हटलं की मुलीकडचे लोक चहाचा कप खाली ठेवायचे. त्यातून दोन ठिकाणी गाडी थोडी पुढे सरकली होती, ती फुलाआत्यानं अडवली. पहिल्या पाहुण्यांना तिनं न्हाणीघराच्या दारातून परत फिरवलं, "फरशी कालच बसवली, तुमी येनार म्हून, सिमेट ओलं आहे." दुसऱ्यांच्या समोर ऋत्विकला म्हणाली, "चष्मा लाव बे, पाहुने आले म्हून काढून ठेवला तं पोरगी दिसन कशी तुले?" फुलाआत्या खोटं बोलत नसे. घरात असं एक माणूस असावं असं सगळे म्हणतात, पण ते दुसऱ्याच्या घरात असावं.

तिसरं स्थळ धाडच्या पंजाबरावांचं. मुलगी वैष्णवी, शिकलेली, ठसठशीत. या वेळी किसनरावांनी मध्यस्थाला सांगून टाकलं, की पोरगा बियाण्याच्या कंपनीत आहे, पुण्याला. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. किसनरावांच्या वावरात एका कंपनीसाठी टमाट्याचं संकरित बियाणं घेत. कंपनीची जीप यायची, मूळ बी देऊन जायची आणि तयार बी घेऊन जायची. नवरदेवाचा घोडा जितका वऱ्हाडात असतो, तितका ऋत्विक कंपनीत होता.

हे बियाणं जाळीच्या घरात, म्हणजे शेडनेटमध्ये, घेतात. मादी झाडाचं न उमललेलं फूल आदल्या दिवशी हलक्या हातानं सोलायचं, त्यातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी नर झाडाचा पराग बोटाच्या टोकानं त्यावर लावून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. मधमाशी आत शिरली आणि बाहेरचा पराग घेऊन आली की कारभार आटोपला. कंपनी सगळा माल नापास करते. म्हणून जाळीला एकामागे एक अशी दोन दारं, आणि बाहेरच्या दाराला कुलूप.

पंजाबराव घर पाहायला आले त्या दिवशी आत्या बकरीसाठी गवत कापायला विळा घेऊन जाळीत शिरली. किसनराव तिला पाहत होते. रस्त्यावर पाहुण्यांची गाडी दिसली. दाराच्या कडीला कुलूप उघडंच लटकत होतं. माणसाच्या हातून पाप घडतं ते पुष्कळदा कुलूप उघडं लटकलेलं दिसतं म्हणून. किसनरावांनी ते दाबलं, चावी खिशात टाकली, आणि आत्याचा आवाज घरापर्यंत येऊ नये म्हणून विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन सुरू करून दिलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चिवडा खाल्ला, आणि पंजाबरावांनी विचारलंही, "लाइट तं आहे, मंग इंजिन काऊन?" किसनराव म्हणाले, "सवय आहे त्याले." पाहुणे खूश होऊन गेले आणि सुपारी फोडायला येतो असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी पाहुणे निघून गेल्यावर ऋत्विकनं बापाकडून चावी घेऊन दार उघडलं तेव्हा आत्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन बाहेर आली, बकरीपुढे टाकला, पाय धुतले, आणि कोणाशी एक शब्द बोलली नाही. किसनरावांना वाटलं, मिटलं. फुलाआत्या गप्प बसली म्हणजे मिटलं असं समजणारा माणूस त्या घरात जन्मून पन्नाशी ओलांडतो, हेच नवल. दुसऱ्या दिवशी ती प्रवासी जीपमध्ये बसून बुलढाण्याला गेली होती. नात भेटायची म्हणून.

रविवारी अर्पिता स्कूटी घेऊन आली. बैठक ओसरीवर भरली, आणि मधोमध खाटेवर आबा बसले. किसनरावांचे वडील मोतीराम आबा एके काळी गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गाव तंटामुक्त झाल्यापासून त्यांचा वेळ जात नव्हता. आज त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि टोपी घातली होती.

अर्पिता बापाशेजारी न बसता आत्याशेजारी बसली.

"अर्पिता, तू कोणाकून?" आबांनी विचारलं.

"अशिलाकडून, आबा."

"अन् बाप?"

"बाप विरुद्ध पक्ष."

पुष्पाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि पोरीला सगळ्यांत शेवटी, तोही गाळताना राहिलेला.

"बरं," आबा म्हणाले, "आरोप कबूल का?"

"आबा, म्या हात तरी लावला का तिले?" किसनराव तावातावानं पुढे सरकले. "इचारा. अंगाले बोट लावलं असन तं हात तोडून देतो."

"अंगाले हात लावायची गरजच नसते बाबा," अर्पिता म्हणाली. "दाराले लावला न?"

"ती सोताहून गेली आंदर!"

"गेली सोताहून. राह्यली कोणामुळं?"

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. पुष्पाबाई ताबडतोब नवऱ्याच्या मदतीला आल्या. "बाप्पा, काय मोठं झालं? दुपारभर तं होती. अन् सावलीत! मी तितका वेळ गॅसपाशी उकडून राह्यली होती, माह्यासाठी कोणी नोटीस धाडली का?"

"किती वेळ कोंडलं याले महत्त्व नाही, आई. माणसाले आपल्या मर्जीनं हलता येत नाही, इतकं पुरे असते. दुखापत झाली हे बी दाखवा लागत नाही."

"अन् मंग पोलीस काऊन नाई आले?" आबांना प्रक्रियेची काळजी.

"पोलिसात देऊ का घरातलं पोरगं?" आत्या पहिल्यांदा बोलली. "त्याची माय गेली तव्हा इतकुसा होता. म्या वाढवला त्याले. पोलिसात देनार नाई अन् सोडून बी देनार नाई. त्याच्या मधातलं काय असते ते पाय म्हनलं पोरीले."

"त्याच्या मधातलं दिवाणी असते," अर्पितानं पुरवणी जोडली.

"दिवाणी म्हंजे वावराचं!" किसनराव म्हणाले. "बांध कोरला, वाट अडवली, हिस्से केले, हे दिवाणी. मानसाचं कुठं दिवाणी असते?"

"माणसाच्या भोवती बी बांध असते बाबा. तो कोरला का दिवाणीच होते."

आबांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. किसनरावांच्या लक्षात आलं, की अध्यक्ष हातचा चालला. बरं, अध्यक्ष जाऊ दे, पण पुष्पाबाईंच्या चेहऱ्यावरही काहीतरी हिशेब सुरू झाला होता.

"का वं अर्पिता," त्या हळूच म्हणाल्या, "मानसाले घरातून जाऊ न देनं, हे बी त्याच्यात येते का?"

"येऊ शकते. काऊन?"

"नाई, इचारून ठेवते. दिवाळीत मले चिखलीले बहिनीकडं जायाचं होतं, तं यायनं स्कूटीची चाबी लपवली होती. पिठाच्या डब्यात!"

"पुष्पा!"

"लपवली होती का नाई? बोला."

"पायी जायले वाट होती न आई? रिक्षा होती, एसटी होती," अर्पिता म्हणाली. "मग ते कोंडणं होत नाही. चारी बाजू बंद असल्या तं कोंडलं. एक जरी वाट उघडी असली, अन् ती आपल्याले माहीत असली, तं नाही."

पुष्पाबाई हिरमुसल्या. किसनराव मात्र खुर्चीतून जवळजवळ उडाले.

"हे पाय! हे पाय! तूच म्हनली! चारी बाजू!" त्यांनी आबांकडे वळून हात जोडले. "आबा, भिंत कायची होती? जाळीची. कपडा! आत्याच्या हाती काय होतं? विळा. धार लावलेला विळा, म्याच लावून देली होती. एक फटका मारला असता तं धाडपर्यंत वाट मोकळी! तिनं मारला नाई, तं म्या कोंडलं कसं?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मुद्दा आहे," ते म्हणाले.

कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या ऋत्विकनं मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आबा, वाट वाजवी पाह्यजे," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज थोडा चढला होता, म्हणजे मुद्दा खरंच होता. "माणसाले माडीवर कोंडलं अन् म्हनलं का खिडकी उघडी आहे, मार उडी, तं ती वाट नाही होत. ज्या वाटेनं गेलं का काहीतरी मोडते, ती वाट मोजत नाहीत."

"मोडलं असतं तं माही जाळी मोडली असती! तिचं काय गेलं असतं?"

फुलाआत्यानं हातातलं काम थांबवलं आणि किसनरावांकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी पाढा चुकला की ती असंच पाहायची.

"किसना, तुले हे खरंच नाई समजत?"

"काय नाई समजत?"

"मंग राहू दे."

किसनरावांना वाटलं, बाजी मारली. पण मारलेल्या बाजीची मजा काही येईना, म्हणून त्यांनी आणखी एक डाव टाकला. "अन् मंग म्या बी दावा टाकतो! लहानपनी हिनं मले धान्याच्या कोठीत कोंडलं होतं. अंधार होता, उंदरं होते. गूळ खाल्ला म्हून!"

"खाल्ला होता का?" आबांनी विचारलं.

"तो मुद्दाच नाई!"

"बाबा, कोंडल्याच्या दाव्याले मुदत एक वर्ष असते," अर्पिता म्हणाली. "सुटका झाली तव्हापासून एक वर्ष. लहानपणाची थोडी सूट धरली तरी तुमची कव्हाच संपली."

"अर्धी ढेप खाल्ली होती," आत्या म्हणाली. "अन् जुलाब मले निस्तरा लागले."

पुष्पाबाई हसल्या, आणि किसनरावांना कळलं, की आता ओसरीवर आपल्या बाजूनं फक्त आपली खुर्ची उरली आहे. ते जरा नरमले. "आत्या, म्या वाईटासाठी केलं का? पोराच्या चांगल्यासाठी केलं."

"चांगल्यासाठीच कोंडतात बाप्पा सगळ्यायले. वाईट कराले कोणाले इतकी फुरसत आहे?"

आबांनी घसा साफ केला. "पंचफुला, तुले भरपाई काय पाह्यजे?"

सगळ्यांनी कान टवकारले. आत्यानं मांडीवरचा कचरा झटकला.

"ह्यानं माहा जितका वेळ घेतला तितका मले वापस पाह्यजे. पाहुन्यायच्या समोरचा वेळ. सुपारी फोडाले येतीन तव्हा मी मधात खुर्चीवर बसीन. मले कोणी आंदर बोलवाचं नाई, शेवया झाल्या का पाय म्हून धाडाचं नाई, अन् इंजिन चालू कराचं नाई."

किसनरावांनी खुर्ची आत्याकडे ओढली. "आत्या, दुसरं काई बी माग. लुगडं घे, बकरी घे, ते पैठणीचं म्हनत होती ते—"

"नाई तं कोर्टात," आत्या म्हणाली. "कोर्टात तं पुकारा होते न वं अर्पिता? मोठ्यानं?"

"मोठ्यानं होते आजी. अन् धाडचे लोक रोज असतात बुलढाण्याच्या कोर्टात."

आबांनी निवाडा दिला, की मागणी वाजवी आहे. किसनराव उठले आणि चपला न घालताच वावराकडे निघाले. तिथं तरी कोणी कायदा शिकलेलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं. ऋत्विक त्यांच्या आधीच सायकलवरून येऊन जाळीत फुलं सोलत होता. किसनरावांनी पहिलं दार लावलं, दुसरं उघडलं, आणि आत जाऊन उगाच एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत फिरले. त्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं: मधोमध खुर्चीवर आत्या, आणि पंजाबराव विचारतात, जावईबापू पुण्यात कुठं असतात. आत्या तोंड उघडते. तिसरं स्थळ जातं. चौथं येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऋत्विक तसा बोलत नसे, पण वैष्णवीला पाहून आल्यापासून पोरगा जाळीत काम करताना गुणगुणायला लागला होता. बापाच्या कानाला ते बरं वाटत होतं, आणि ते थांबेल या भीतीनंच त्यांनी ते कुलूप दाबलं होतं. तसं नसतं तर आत्याला कोंडण्याची हिंमत त्यांच्या बापजन्मात झाली नसती.

जाळीच्या मागच्या अंगाला दोन ओळींपाशी ते थांबले. जाळीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा धागा वेगळ्या रंगाचा असतो, म्हणजे कोणाचा हात कसा बसतो ते कळतं. इतर ओळींत पिवळे, निळे धागे होते. या दोन ओळींत सगळीकडे लाल लोकर होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक देठाला. आणि धाग्याच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. एकही फूल वाया गेलं नव्हतं.

लाल लोकर घरात एकच माणूस बांधायचं.

"हे कव्हा झालं बे?"

ऋत्विकनं मान वळवली नाही. "तुमी मले शर्ट इन करून पाहुन्यायसमोर बसवलं त्या दिवशी. आदल्या सांजी म्या ह्या दोन ओळी सोलून ठेवल्या होत्या. त्या दिवशी पराग नसता लागला तं सगळी फुलं गळली असती. बायायले सुट्टी होती." तो थोडा थांबला. "म्या दार उघडलं तव्हा आजी शेवटच्या झाडापाशी होती. मले म्हने, झालंच आहे, थांब इतकुसं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं नाई बाबा."

किसनराव ओळीत उकिडवे बसले. विळ्यानं एक फटका मारला असता तर आत्या मोकळी झाली असती, हे त्यांनी मघाशी चारचौघांत ओरडून सांगितलं होतं. फटका मारला असता तर जाळीला भगदाड पडलं असतं, माश्या शिरल्या असत्या, आणि पोराचं सगळं पीक गेलं असतं. हे आत्याला कुलूप लागल्याच्या क्षणी समजलं होतं. त्यांना मुद्दा जिंकल्यावरही समजलं नव्हतं. किसनरावांना स्वतःची लाज वाटली. अशी वाटली, की एक धागा सुटलेला नव्हता तरी त्यांनी तो पुन्हा घट्ट केला आणि देठच मोडून ठेवला.

"बाबा, तुमी हात नोका लावू," ऋत्विक म्हणाला.

सुपारी फोडायच्या दिवशी पंजाबराव आले ते वैष्णवीलाही घेऊन. सुपारीला पोरीचं काय काम, असं पुष्पाबाईंच्या मनात आलं. पण ती स्वतःच म्हणाली होती म्हणे, की मी येणार. अर्पिता कोर्टातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती, अशिलाच्या हितासाठी. आबांनी टोपी घातली होती. आणि मधोमध, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हिरवं नऊवारी नेसून फुलाआत्या बसली होती. इंजिन बंद होतं. इतकं शांत होतं, की दूरच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येत होता.

"ह्या कोण? मागच्या बारीले दिसल्या नाई," पंजाबरावांनी विचारलं.

"माही आत्या," किसनराव म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. आत्यानं पंजाबरावांना नमस्कार केला, हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

चहा झाला. पावसापाण्याचं झालं. सोयाबीनचं झालं. आत्या गप्प. किसनराव प्रत्येक वाक्यानंतर तिच्याकडे पाहायचे आणि पुढचं वाक्य बोलायला घाबरायचे. पंजाबराव म्हणाले, "घर मोठं आहे तुमचं," आणि किसनराव म्हणाले, "मोठं आहे, पन मागच्या भितीले ओल येते." पुष्पाबाईंनी चमकून पाहिलं. हे कोणी विचारलं नव्हतं. पंजाबराव म्हणाले, "पोराची तब्येत चांगली आहे," आणि किसनराव म्हणाले, "हो, पन चष्मा आहे. खिशात आहे. लाव बे." ऋत्विकनं चष्मा लावला. आत्या एक शब्द बोलेना. त्या बाईला बोलण्यापासून थांबवायची किसनरावांना जन्मभराची सवय होती. तिच्या गप्प बसण्यावर काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"मंग," पंजाबराव सुपारी हातात घोळवत म्हणाले, "पुन्याले खोली कोनत्या भागात आहे जावईबापूची?"

किसनरावांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पदर सारखा केला. तो पदर सारखा करताना तिच्या बोटाला लाल लोकरीचा एक तुकडा चिकटलेला दिसला, आणि मग किसनरावांना धीर धरवेना.

"पुनं नाई पंजाबराव," ते म्हणाले. "पोरगा वावरात आहे. इथंच. जाळीत टमाट्याचं बी घेते. कंपनी बी घेऊन जाते, इतकीच काय ती कंपनी. म्या खोटं बोललो. पोरगा नाई बोलला, म्या बोललो. अन् ही माही आत्या खरं सांगन, म्हून त्या दिवशी हिले जाळीत कोंडलं. ते इंजिन त्याच्यासाठीच लावलं होतं."

पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला. पंजाबरावांच्या हातातली सुपारी थांबली. त्यांचा चेहरा लाल होत गेला आणि ते उभे राहिले.

"म्हातारीले कोंडून तुमी आमाले पोहे खाऊ घातले?"

"हाव."

"अन् आमी दोनदा घेतले! चाल वैष्णवी."

"बाबा, बसा," वैष्णवी म्हणाली. "मले माहीत होतं."

आता सगळेच तिच्याकडे पाहायला लागले. ऋत्विक तर आरोपीसारखा उभाच राहिला.

"मले पाह्याले आले तव्हा यायची बोटं पाह्यली होती म्या," ती म्हणाली. "हिरवट-काळी झालेली. टमाट्याच्या पाल्यात रोज हात घातल्याबिगर अशी होत नाईत, अन् साबनानं जात नाईत. माह्या मामाचा प्लॉट आहे, सुट्टीत म्या क्रॉसिंग केलेलं आहे. शेतीचं मले काही नाही. मी पाहत होती का हे कव्हा सांगतात." ती ऋत्विककडे वळली. "तुमी फोनवर बोलले, दोनदा. काऊन नाई सांगितलं?"

ऋत्विकनं चष्मा काढला, मग परत लावला. "भेव वाटलं," तो म्हणाला. "तुमी फोन ठेवून द्यान म्हून."

वैष्णवी उठून आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "आजी, जाळी तं कापडाची असते. तुमच्यापाशी काही नव्हतं का? विळा, खुरपं?"

"होता न विळा."

"मंग फाडली काऊन नाई?"

अर्पितानं वहीतली पेन्सिल खाली ठेवली. हा प्रश्न कोर्टात विरुद्ध पक्षाचा वकील विचारणार होता, आणि त्याचं उत्तर तिलाही अजून अशिलाकडून मिळालं नव्हतं.

"पोरानं फुलं सोलून ठेवली होती," आत्या म्हणाली. "जाळी फाटली असती तं माशी शिरली असती. माहं काय, मले सांजच्याले कोणी ना कोणी काढलंच असतं बाहेर. फुलं दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाईत माय." मग तिनं किसनरावांकडे बघून तोंड वाकडं केलं. "अन् ह्या येड्यानं इंजिन लावलं. मी वरडनार होती का, पोराचे पाहुने आले असता? डिझेल जाळलं फुकटचं!"

किसनरावांनी डोळे पुसले. ते त्यांनी लपवलं नाही, कारण लपवायला आता काही उरलंच नव्हतं. पंजाबराव हळूच खाली बसले.

"मले प्लॉट पाह्याचा आहे," वैष्णवी म्हणाली.

सगळं वऱ्हाड वावरात गेलं. आबासुद्धा काठी टेकत आले. जाळीच्या दारापाशी वैष्णवीनं चपला काढल्या, ऋत्विकनं दार उघडलं आणि दोघं आत शिरली. "पयलं लावल्याबिगर दुसरं उघडू नोका, माशी शिरीन!" आत्या ओरडली. आतून वैष्णवीचा आवाज आला, "माहीत आहे आजी!"

कडीला कुलूप उघडंच लटकत होतं. आत्यानं किसनरावांपुढे हात पसरला. त्यांनी कुलूप काढून तिच्या हातावर ठेवलं, मग खिशातून चावी काढून तीही ठेवली. आत्यानं दोन्ही पदराच्या टोकात बांधून गाठ कमरेला खोसली आणि बांधावरच्या रिकाम्या क्रेटवर बसली. जाळीतून दोघांच्या फक्त सावल्या दिसत होत्या. एक सावली लाल धाग्यांच्या ओळीपाशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"काय म्हनता आबासाहेब," पंजाबरावांनी खिशातली सुपारी काढली, "फोडाची का मंग?"

"थांबा," आत्या म्हणाली. "पोरगी बाहेर येऊ द्या. तिले इचारल्याबिगर फोडली तं अर्पिताले दुसरी नोटीस टाइप करा लागन."

पंजाबरावांनी सुपारी निमूट परत खिशात टाकली. किसनराव आत्याशेजारच्या क्रेटवर, थोडं अंतर ठेवून टेकले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आत्या, आता तं माही नोटीस वापस घेशीन न?"

आत्यानं अर्पिताला हाक मारली. "का वं, मुदत किती म्हनली होती तू?"

"एक वर्ष, आजी."

"मंग घाई कायची आहे?" फुलाआत्यानं कमरेची गाठ चाचपून पाहिली. "वर्षभर पाहू न, कसा वागते तं."